पिकअप उंच करायच्या आधी एकदा खाली वाकून बघा



परवा संध्याकाळी बाजूच्या गावातलं एक पोट्टं घरी आलं. पोट्टं म्हणजे पंचविशीचा गडी, बापाच्या नावावर सहा एकर धान आणि कर्जावर घेतलेली जुनी पिकअप. मोबाइलवर फोटो दाखवला. पिकअप वीतभर उंच केलेली, टायर ट्रॅक्टरसारखे, टपावर दिव्यांची पट्टी, बोनटच्या बाजूनं वर गेलेला काळा पाइप. म्हणे, "दादा, धानाचा चुकारा आला का गाडी अशी करून घेतो. पंच्याऐंशी हजार सांगितले. मंग कोणताच नाला अडवत नाही."

"कायले?" मी विचारलं.

"फसते ना गा. आठवड्यातून दोनदा ट्रॅक्टर बोलवा लागते."

त्याचं खोटं नाही. धानोरा, एटापल्ली, कोरचीकडचे आतले रस्ते ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. इकडं चंद्रपूर जिल्ह्यात जिवतीच्या डोंगरात किंवा सिंदेवाही-सावलीच्या बांध्यांतही तेच. मुरमाचा रस्ता दोन पावसांत वाहून जातो, खाली राहतात गोटे आणि गारा. पण हे सगळं मी स्वतः करून बसलोय म्हणून आज लिहायला घेतलं. माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या पिकअपला उंचीची गरज नाही. टायरमधली हवा जागेवर कमी-जास्त करता आली पाहिजे, गाडीच्या पोटात पाणी आणि धूळ जाता कामा नये, आणि वजन बेताचं पाहिजे. एवढ्याला सात-आठ हजार रुपये पुरतात. बाकीचे सत्त्याहत्तर हजार धानाचे आहेत, ते घरात राहू द्या.

२०१९ साली मी माझ्या गाडीच्या मागं दोन्ही बाजूंना दोन-दोन जाडे पाटे वाढवले होते आणि पुढूनही थोडी उचलून घेतली होती. गाडी कोणत्या कंपनीची ते लिहीत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता. त्या वर्षी पाऊस कसा होता ते सगळ्यांना आठवत असेल, भामरागडात पर्लकोटेचं पाणी बाजारात शिरलं होतं. आमच्या गावचा नालाही सारखा भरून वाहत होता. मला वाटलं, गाडी उंच झाली की प्रश्न मिटला. आणि खरंच, चिखलात पोट टेकणं बंद झालं. महिनाभर मी लोकांना गाडी दाखवत फिरलो.

मग एका रात्री शेजारच्या घरची सून अडली. रुग्णवाहिका मोठ्या नाल्याच्या पलीकडं येऊन थांबणार होती, तिथपर्यंत अकरा किलोमीटर माझी गाडी. मागच्या डाल्यात तणस टाकली, वर गादी, तिला झोपवलं, सासू आणि दाई सोबत बसल्या. आता ऐका. पाटे वाढवले की गाडी भरल्यावर बरी चालते, पण रिकामी असली की मागचा भाग दगडासारखा होतो. तीन बायांच्या वजनानं ते पाटे जरासुद्धा दबत नव्हते. प्रत्येक खड्ड्याला डालं उडायचं. सासू केबिनवर थापा मारून थांबवायची. मी पायी चालण्याच्या वेगानं गेलो, दीड तास लागला, आणि नाल्याच्या दोन किलोमीटर अलीकडं सागाच्या झाडाखाली बाळंतपण झालं. रक्त फार गेलं. बाई वाचली, लेकरूही वाचलं, पण ती पुढं बरेच दिवस दवाखान्यात होती. त्या रात्री माझी गाडी कुठंही फसली नाही, हे मुद्दाम सांगतो. नाल्यातून झकास निघाली. ज्या कामासाठी उंच केली ते तिनं केलं आणि ज्या कामासाठी ती त्या रात्री लागत होती ते तिला जमलं नाही.

आपल्याकडं पिकअप ही फक्त मालगाडी नसते. ती तेंदूपत्त्याची गाडी असते, वरातीची असते, आणि रात्री-बेरात्री खाटेच्या कावडीच्या जागी असते. गाडीत बदल करताना हे डोक्यात ठेवा. नंतर एका जुन्या ड्रायव्हरनं मला सांगितलं की पेशंट न्यायचा असला तर आधी धानाचे सहा-आठ कट्टे मागच्या चाकांच्या वर टाकून नीट बांधायचे, मग गादी. पाटे दबतात आणि गाडी पाळण्यासारखी चालते. फुकटचा उपाय, मला चाळीस वर्षांत कोणी सांगितला नव्हता.

दुसरा फटका घाटात बसला. कुरखेड्याहून कोरचीला जाताना बेडगावचा घाट लागतो. वरून खाली येताना गाडीत सोळा-सतरा क्विंटल माल होता. अर्ध्यात ब्रेकचा वास यायला लागला, पाय दाबावा तर पुढची चाकं धरतात आणि मागची नुसती चालतात. दुसऱ्या गियरमध्ये टाकून, डोंगराच्या बाजूला घासत कशीबशी खाली आणली. मिस्त्रीनं ब्रेक खोलले, पॅड बदलले, लाइनमधली हवा काढली, तरी तेच. महिन्यानंतर दुसऱ्या एका मिस्त्रीनं गाडीखाली झोपून पाच मिनिटांत दाखवलं. मागच्या धुऱ्यापासून चेसिसला जाणारी एक बारीक दांडी असते, तिच्या टोकाला ब्रेकचा एक व्हॉल्व्ह. गाडीत माल भरला की चेसिस खाली बसते, दांडी हलते, आणि व्हॉल्व्हला कळतं की गाडी भरली आहे, मागच्या ब्रेकला जास्त दाब सोड. रिकामी असली की कमी सोड, नाही तर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरते. मी पाटे वाढवून चेसिसच वर उचलून ठेवली होती. व्हॉल्व्हच्या हिशोबानं माझी गाडी कायमची रिकामी. सतरा क्विंटल माल आणि मागचा ब्रेक रिकाम्या गाडीचा!

ही गोष्ट गाडी उंच करणारे सांगत नाहीत, कित्येकांना माहीतही नसते. ज्यांनी आधीच पाटे वाढवलेत त्यांनी उद्याच गाडीखाली वाकून ती दांडी बघा. सगळ्याच गाड्यांना नसते, पण बहुतेक पिकअपला असते. असेल तर जाणत्या मिस्त्रीकडून बसवून घ्या. त्याशिवाय शाफ्टचा कोन बदलतो आणि जॉइंटचे क्रॉस वर्षाचे चार महिन्यांत जातात. तिसऱ्या-चौथ्या गियरमध्ये गाडी थरथरायला लागली, रिव्हर्स टाकताना खाली "टक्" असा आवाज आला, की समजा क्रॉस बोलतोय. मी दोनदा बदलले आणि मग पाटे काढून भंगारात दिले.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या गोष्टींत आपल्या मनानं बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तसंच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आत जंगलात कोण बघतो असं म्हणाल. बरोबर, कोणी बघत नाही. पण अपघात झाला की विम्यावाला बघतो.

आता फसण्याचं. गाडी फसते ती बहुतेक वेळा हवेमुळं. भरलेल्या गाडीसाठी माझ्या मागच्या टायरला साठच्या आसपास हवा लागते. तोच आकडा घेऊन आपण रिकामी गाडी चिखलात घालतो. टायर फुगून दगड झालेला, जमिनीला टेकलेला भाग तळहाताएवढा, मागं वजन नाही आणि ताकद मागच्याच चाकांना. मग फिरणारच जागेवर. मी आता पांदणीच्या तोंडाशी थांबतो आणि हवा काढतो. रिकामी असली तर मागं तीस, पुढं पंचवीस-सत्तावीस. अर्धी भरलेली असली तर मागं चाळीसच्या खाली जात नाही. टायर पसरतो तो रुंदीत कमी आणि लांबीत जास्त, साखळीच्या गाडीसारखा जमिनीला धरतो. वेग वीसच्या वर न्यायचा नाही, आणि डांबरावर चढायच्या आधी हवा परत भरायची. त्यासाठी बॅटरीला चिमट्यानं लागणारा बारा व्होल्टचा छोटा पंप घेतला. लायटरच्या सॉकेटवर चालणारा घेऊ नका, पिकअपचा टायर भरता भरता फ्यूज उडतो.

ट्यूबवाला टायर असेल तर जपून. हवा फार कमी केली की टायर रिमवर सरकतो, सोबत ट्यूब ओढली जाते आणि व्हॉल्व्ह मुळातून कापला जातो. रिमवर आणि टायरवर समोरासमोर रंगाचा एक-एक ठिपका मारून ठेवा. ठिपके एकमेकांपासून सरकले तर हवा जास्त काढली असं समजायचं.

रुंद टायरबद्दल माझं मत कृषीवाल्या मित्रांनी तपासून बघावं. बांधीत आपण वर्षानुवर्षं चिखलणी करतो, त्यामुळं वीतभर खाली एक टणक थर तयार होतो. त्याच्यावरच तर पाणी थांबतं. अशा ठिकाणी कंपनीचा अरुंद टायर वरचा गारा कापून त्या थरावर जाऊन बसतो आणि पकड घेतो. रुंद टायर वरच तरंगतो आणि घसरतो. उलट कोरपना, राजुरा, वरोऱ्याकडच्या खोल काळ्या जमिनीत खाली टणक काहीच नसतं. तिथं माती टायरच्या खाचांत भरते, टायर गुळगुळीत होतो, मडगार्डमध्ये मातीचा गोळा अडकून चाकच जाम होतं. त्या जमिनीत पावसानंतर दोन दिवस कोणताच टायर चालत नाही. घरी बसायचं, चहा प्यायचा.

आणि मुळात ओल्या बांधीत गाडी न्यायची कशाला, हाही प्रश्न आहे. हलकं धान निघतं तेव्हा बांधीत ओल असते, त्याच ओलीवर आपण उतेऱ्याची लाखोळी, जवस घेतो. भरलेली पिकअप तिथून गेली की चाकोरीत लाखोळी उगवतच नाही, उगवली तर पिवळी पडते. हवा कमी केली तर वरच्या वीतभर मातीवरचा दाब कमी होतो, पण खालची माती दबते ती एकूण वजनानं, तिथं हवेचा उपयोग नाही. मी तीन वर्षांपासून पिकअप धुऱ्याच्या बाहेर उभी ठेवतो आणि भारे माणसांनी किंवा बैलबंडीनं बाहेर आणतो. मजुरी लागते, खोटं कशाला बोलू. पण गाडीच्या वाटेतल्या त्या दोन बांध्यांत मागच्या हिवाळ्यात लाखोळी सारखी आली.

फसलीच तर काय करावं. एक्सलेटर दाबत बसू नका, एवढंच आधी. चाक जितकं फिरेल तितका खड्डा खोल होतो आणि अर्ध्या क्लचवर खेळलात की क्लच प्लेटचे पैसे वेगळे. एकच चाक फिरत असेल तर हँडब्रेक दोन-तीन खटके ओढून हळू एक्सलेटर द्या. हँडब्रेक मागच्या चाकांवर असेल तर फिरणारं चाक थोडं अडतं आणि ताकद दुसऱ्या चाकाकडं जाते. कधी कधी एवढ्यात निघते. नाही निघाली तर खाली उतरून फावड्यानं चारही चाकांपुढची माती काढा, फक्त मागच्या नाही. चाकाखाली टाकायला मी आधी फळ्या ठेवायचो, पण आपल्याकडं गाडीत लाकूड ठेवलं की प्रत्येक नाक्यावर पावती दाखवत बसा. आता कन्व्हेअर पट्ट्याचे दोन तुकडे ठेवतो, चार-चार फुटांचे. चंद्रपूरकडं कोळसा खाणींमुळं असा जुना पट्टा भंगारवाल्याकडं मिळतो. खरबरीत बाजू वर, आणि पावती तिथंही घ्या. जॅकखाली ठेवायला एक फूट चौकोनी लोखंडी पत्राही हवा, नाही तर गाडी वर यायच्याऐवजी जॅक खाली जातो.

ट्रॅक्टरनं ओढताना लोक जीव गमावतात, म्हणून हे नीट वाचा. दोर ट्रॅक्टरच्या खालच्या हुकाला बांधायचा, वर कधीच नाही. वर बांधला आणि गाडी हलली नाही तर ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात आणि तो चालवणाऱ्याच्या अंगावर उलटतो. साखळीला झटका द्यायचा नाही. पिकअपचा दोर बंपरला नाही, चेसिसच्या हुकाला. दोराच्या मधोमध ओलं पोतं टाकून ठेवायचं, दोर तुटला तर चाबकासारखा येत नाही. आणि तमाशा बघायला उभी राहिलेली पोरं दोराच्या दुप्पट लांब हाकला.

पाण्याचं. त्या काळ्या पाइपानं, स्नॉर्केल म्हणतात त्याला, इंजिन हवा वरून घेतं एवढंच. इंजिनात पाणी गेलं की काय होतं ते समजून घ्या. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो आणि पाण्यावर आदळतो, कनेक्टिंग रॉड वाकतो, इंजिन संपलं. म्हणून पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारायचा नाही, कितीही घाई असो. ढकलून बाहेर काढा, एअर क्लीनर उघडून बघा. आत ओलं असेल तर मिस्त्री येईपर्यंत हात लावू नका.

पण पाइप लावला की माणसाला हिंमत येते, आणि त्या हिमतीची मला भीती वाटते. पाइप इंजिनाला वाचवतो, गाडीला तरंगण्यापासून वाचवत नाही. एक घनमीटर पाणी एक टन वजन उचलतं. पाणी डाल्याच्या तळाला लागलं की रिकामी पिकअप आधी मागून हलकी होते, मागची चाकं सरकतात, आणि गाडी रपट्यावरून आडवी होऊन खाली जाते. दोन फूट वाहतं पाणी बहुतेक गाड्यांना घेऊन जातं. शिवाय गढूळ पाण्याखाली रपट्याचा स्लॅब आहे की वाहून गेला, हे वरून दिसत नाही. उंच गाडीला साचलेल्या पाण्यात फायदा होतो, हे मान्य. वाहत्या पाण्यात ती दोन मिनिटं उशिरा तरंगते. माझा नियम सोपा आहे. साचलेलं पाणी चाकाच्या मधल्या टोपीपर्यंत असेल तर जातो. रपट्यावरून पाणी वाहत असेल आणि कडेचे दगड दिसत नसतील तर गाडी अलीकडं, मी झाडाखाली. आपले नाले डोंगरातले आहेत, चढतात तसे उतरतातही. बहुतेक वेळा तीन-चार तासांत वाट मोकळी होते.

साचलेल्या पाण्यातूनही गेल्यावर एक काम करा, ते कोणी करत नाही. मागच्या डिफरन्शियलला वर एक छोटी नळी असते, ब्रीदर म्हणतात. चालून तापलेलं डिफरन्शियल थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि ते त्या नळीतून नाही तर सीलमधून पाणी ओढतं. ऑइलचा दुधाळ चहा होतो. वरून काही कळत नाही, दोन महिन्यांनी क्राऊन-पिनियन ओरडतं आणि बिल बघून आपण ओरडतो. उपाय म्हणजे त्या नळीला तीन-चार फूट रबरी पाइप लावून डाल्याच्या खाली उंचावर नेऊन बांधा, तोंड खाली वळवून. दोनशे रुपयांचं काम. माझ्या मते पंच्याऐंशी हजारांच्या सगळ्या सामानापेक्षा हा पाइप भारी आहे.

ब्रेक ओले झाले असतील तर पाण्यातून निघाल्यावर शंभर-दोनशे पावलं हळू चालवत पाय हलका ठेवून वाळवा. आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी डिझेल फिल्टरच्या खालचा स्क्रू ढिला करून पाणी सोडा. पंप लांब, म्हणून आपण कॅनमध्ये डिझेल साठवतो. कॅनमध्ये रात्रीचा दमट वारा जातो, पाणी धरतं. कॅन रात्रभर हलवू नका आणि तळातलं लिटरभर टाकीत ओतू नका. नव्या गाड्यांचे इंजेक्टर पाण्याच्या थेंबानंही जातात.

नव्या गाड्यांचा विषय निघाला म्हणून. एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या, त्यांतल्या बऱ्याच डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरणारी जाळी असते. ती जाळी गाडी तापून सलग चालली की स्वतःला जाळून साफ करते. आपली गाडी शेत ते गाव, गाव ते शेत, दहाच्या वेगानं. जाळी तुंबते, डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि नाही बघितलं तर गाडीची ताकदच कमी होते. दिवा लागला की पंचवीस-तीस किलोमीटर डांबरी रस्त्यावर दमानं चालवून आणा. दिवा पिवळ्याचा लाल होण्याची वाट बघू नका. ही साफसफाई चालू असताना खालचा पाइप भयंकर तापतो. अशा वेळी तणसाच्या ढिगावर, वाळल्या गवतावर किंवा उन्हाळ्यात सागाच्या पाचोळ्यावर गाडी उभी केली तर आग लागते. गाडी जाते ती जाते, जंगलही जातं, आणि मग कोणी तरी म्हणतं मोहफूल वेचणाऱ्यांनी लावली. मळणीच्या दिवसांत रोज संध्याकाळी खाली वाकून सायलेन्सरवर अडकलेली तणस काढा. रेडिएटरमधला कोंडाही आतून बाहेर हवा मारून झाडा. एप्रिल-मेच्या पंचेचाळीस डिग्रीत तेंदूपत्ता भरलेली गाडी गरम होते ती निम्म्या वेळा या कोंड्यामुळं, आणि आपण थर्मोस्टॅट काढून फेकतो. एअर क्लीनर झाडतानाही हवा आतून बाहेर मारायची, बाहेरून मारली की धूळ कागदात रुतते.

फोर बाय फोर घ्यावी का, असं बरेच जण विचारतात. बोलेरो कॅम्पर आणि योद्धा या दोन्हींच्या फोर बाय फोर आवृत्त्या कंपनीनंच काढल्या आहेत. गाडी बदलायचीच असेल आणि रोज डोंगरात जायचं असेल तर तशी बघा, कंपनीनं दिलेली आहे, कायद्यात बसते. पण ती निघायला मदत करते, थांबायला नाही. उतारावर ब्रेक तेवढेच.

शेवटी रस्त्याचं बोलतो, कारण पंच्याऐंशी हजार ऐकल्यावर माझ्या डोक्यात आधी तेच आलं. त्या पोराची गाडी ज्या ठिकाणी दर आठवड्याला फसते ती जागा मला माहीत आहे, वीस फुटांची. तिथून सात जणांच्या गाड्या आणि बंड्या जातात. दोन सिमेंटचे पाइप आणि चार ट्रॉली मुरूम टाकला तर सातही जणांचा प्रश्न सुटतो. पांदण कोणी अडवली असेल तर तहसीलदाराकडं १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली अर्ज करता येतो, धुऱ्यावरून नवीन वाट हवी असेल तर महसूल संहितेचं कलम १४३ आहे. जागा वनजमिनीत असली तर मनानं मुरूम टाकू नका, गुन्हा लागतो. पण वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) खाली गावाच्या रस्त्यासाठी एक हेक्टरपर्यंतची जमीन ग्रामसभेच्या शिफारशीनं मिळू शकते, हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडं तोडावी लागत नसतील तर. वेळ लागतो, चकरा माराव्या लागतात. आम्ही आमच्या नाल्याचा ठराव ग्रामसभेत दोनदा लिहिला, पहिल्यांदा गट नंबर चुकला होता.

पोट्ट्याला हे सगळं सांगितलं तेव्हा ते हो-हो म्हणत होतं, पण डोळे मोबाइलमधल्या त्या दिव्याच्या पट्टीवर. मी म्हटलं, दिवे लाव बापू, समोरच्याच्या डोळ्यांत जाणार नाहीत असे बसव, रात्री रस्त्यावर रानडुक्कर आणि चितळ असतात. बाकीचं रविवारी बघू. रविवारी ते गाडी घेऊन आलं. खाली वाकून ब्रीदरची नळी शोधली तर तिची टोपी चिखलानं बंद. डिफरन्शियलचा बोल्ट उघडला, ऑइल दुधासारखं. तिथंच नवीन ऑइल भरलं, पाइप लावला, टायरवर ठिपके मारले. ब्रेकची दांडी बघितली, ती गंजून जाम झाली होती, त्यासाठी त्याला गडचिरोलीला पाठवलंय.

वीस फुटांच्या त्या जागेसाठी सात जणांपैकी पाच जण पैसे द्यायला तयार आहेत. जागा महसुलात आहे, सातबारा काढून बघितला. मुरूम कापणीनंतर.